बुऱ्हाणपूरला मुक्कामी जा

भुसावळ–खंडवा मार्गावरचं बुऱ्हाणपूर आपण गाडीच्या खिडकीतून पाहून पुढे जातो, हे बरं नव्हे. ही फारूकी सुलतानांची राजधानी. 1601 मध्ये जवळचा असीरगड किल्ला पडल्यावर मोगलांचं दख्खनमधलं मुख्य ठाणं. आग्र्यासारखं भव्य तिथे काय आहे, असा आक्षेप येतो. वास्तू पडक्या आहेत, विखुरलेल्या आहेत, हे खरंच. पण राजधानी नुसत्या महालांवर नव्हे, पाण्यावर जगते आणि ती व्यवस्था इथे अजून पाहता येते. मोगल सरदार रहीम खानखानानच्या काळातल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्याचं झिरपतं पाणी भुयारातून, निव्वळ उताराच्या बळावर शहराकडे येतं. लिफ्टने खाली उतरलं की भिंतींवर साचलेले चुन्याचे पांढरे थर हाताशी दिसतात. शाही किल्ल्यातल्या हमामाची रंगीत वेलबुट्टी, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख, तापीपलीकडे 1631 मध्ये मुमताजला प्रथम दफन केलं तो आहुखाना, पुरंदरचा तह करणाऱ्या मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, हे सारं धावतपळत उरकत नाही. म्हणून हिवाळ्यात जा, लिफ्ट चालू आहे ना ते आधी विचारा, दिवसभराची रिक्षा ठरवा आणि असीरगडासाठी दुसरी सकाळ राखून ठेवा.