संदर्भसूची आणि शोधाची वाट

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपला शोधप्रकल्प सादर केला. विषय एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा होता. मांडणी नेटकी होती आणि अखेरीस 28 ग्रंथांची संदर्भसूची जोडलेली होती. त्या सूचीतील एका ग्रंथाचे नाव प्रस्तुत लेखिकेला अपरिचित वाटले. लेखक नामवंत, प्रकाशक पुण्यातलाच. परंतु तो ग्रंथ ना ग्रंथालयाच्या तालिकेत होता, ना प्रकाशकाच्या यादीत, ना त्या लेखकाच्या वाङ्मयसूचीत. शोध घेता असे दिसून आले की, असा ग्रंथ कधी लिहिलाच गेला नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एका साधनाने लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष यांची जुळणी करून तो रचून दिला होता. विद्यार्थिनीला विचारले तेव्हा ती काहीशी गोंधळून म्हणाली, "मॅडम, सूचीत निदान पंचवीस पुस्तकं तरी हवीत, असं सांगितलं होतं ना!" तसे सांगणारे आम्ही शिक्षकच होतो.

या प्रसंगाचा सारा दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे आहे. पण थोडे मागे वळून पाहिले तर काय दिसते? हे साधन येण्यापूर्वीही आपल्या विद्यार्थ्यांच्या सूचींतील कितीतरी ग्रंथ त्यांनी हाताळलेले नसत. एखाद्या जुन्या प्रबंधाची सूची उतरवून घेतली जाई आणि तिच्यात दोन-चार नव्या नावांची भर पडे. त्या सूचीतील ग्रंथ अस्तित्वात असत, एवढाच काय तो फरक. वाचनाचा संबंध तेव्हाही नव्हता. ज्या परीक्षणपद्धतीत सूचीची लांबी पाहिली जाते आणि सूचीपर्यंत पोहोचण्याची वाट पाहिली जात नाही, त्या पद्धतीत सूची बनावट निघणे हा अपघात मानता येत नाही. म्हणून संदर्भसूचीला दिले जाणारे गुण आपण शोधाच्या वाटेला द्यावेत, असे सुचवण्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

महाविद्यालयात ग्रंथालयाचा परिचय कसा करून दिला जातो, हे सर्वांनाच ठाऊक आहे. सत्राच्या आरंभी एक तास ठेवलेला असतो. ग्रंथपाल कपाटे दाखवतात, देवघेवीचे नियम सांगतात, संगणकावरील तालिका कशी पाहावी ते समजावतात आणि विद्यार्थी वर्गात परततात. हा परिचय आवश्यक आहे. परंतु त्यातून पुस्तक कोठे मिळेल एवढेच कळते. मिळालेल्या पुस्तकाला काय विचारायचे, हे कळत नाही. ते शिकवणे हे एकट्या ग्रंथपालाचे काम नव्हे. ते साहित्याच्या शिक्षकाचे काम आहे आणि आपण ते बव्हंशी सोडून दिलेले आहे.

हे काम कसे करता येईल, याचे एक उदाहरण वर्गातील अनुभवावरून देते. बाळशास्त्री जांभेकरांचा जन्मदिनांक शोधून आणा, असे एका तुकडीला सांगितले होते. प्रश्न अगदी प्राथमिक वाटावा असाच होता. दुसऱ्या दिवशी काहींनी 6 जानेवारी 1812 आणला, काहींनी 20 फेब्रुवारी 1812; एकाने तर 1810 हे जन्मवर्ष असल्याचे सांगितले. तिन्ही नोंदी छापील होत्या. "मग बहुमताने ठरवू या," असे एक विद्यार्थी म्हणाला आणि तेथूनच खऱ्या अर्थाने तासाला सुरुवात झाली. पाच पुस्तकांत एकच दिनांक आला, तर ते पाच साक्षीदार झाले की एकाच साक्षीदाराच्या पाच नकला? प्रत्येकाने आपापले पुस्तक पुन्हा उघडून त्या विधानाला कोणता आधार दिला आहे ते पाहिले. बहुतेक ठिकाणी आधार दिलेलाच नव्हता. तेवढ्यात एकीच्या लक्षात आले की, 'दर्पण'चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 रोजी निघाला आणि त्या दिवशी महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळला जातो. वृत्तपत्राचा दिवस संपादकाच्या जन्मदिवसाच्या जागी जाऊन बसला असेल काय? हा केवळ तर्क आहे, असे मी त्यांना बजावले. तो सिद्ध करायचा तर ग. गं. जांभेकरांनी 1950 साली तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या चरित्र व लेखसंग्रहापर्यंत जावे लागेल आणि तेथेही 'हे कशावरून?' असे विचारावे लागेल. त्या तासाला उत्तर मिळाले नाही. मात्र उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, हे वर्गाला थोडेबहुत उमगले.

दुसरे उदाहरण आवृत्तीचे. तुकोबांवरील निबंधांत 'गाथा, अभंग क्रमांक अमुक' अशी तळटीप सर्रास आढळते. वस्तुतः आवृत्तीचा निर्देश नसेल तर या क्रमांकाला काहीही अर्थ उरत नाही, कारण निरनिराळ्या गाथांत अभंगांचा क्रम आणि संख्या निरनिराळी आहे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर आदी ठिकाणच्या हस्तलिखितांच्या आधारे संपादित केलेली गाथा 1869 आणि 1873 अशा दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध झाली. पुढे इतर गाथा निघाल्या. कोणत्याही दोन गाथा शेजारी ठेवून एकच अभंग वाचायला दिला, की 'मूळ पाठ' हा शब्द किती जपून वापरायचा असतो, ते विद्यार्थ्याला व्याख्यानाविनाच समजते. भ्रमणध्वनीवरून तुकोबांच्या नावाने फिरणाऱ्या ओळी कोणत्या गाथेत सापडतात, हे शोधायला लावावे. त्यांतल्या काही कोठेच सापडत नाहीत.

तिसरे उदाहरण शोधाच्या वाटेचेच आहे. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध 1882 साली पुण्यात छापला गेला. त्याच्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हा निबंध दीर्घकाळ अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. स. गं. मालशे यांनी 1975 साली तो पुन्हा प्रसिद्ध केला आणि आज तो विषयपत्रिकांत मानाने आढळतो. धनंजय कीर यांच्यासह महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय संपादित करून 1969 साली वाचकांपुढे ठेवणारेही मालशेच होते, हे येथे लक्षात घ्यावे. एका जुन्या पुस्तिकेत दुसऱ्या पुस्तकाचा उल्लेख येतो, जिज्ञासू वाचक त्या उल्लेखावर थांबतो आणि ग्रंथालयात शिरतो. पुस्तके बहुधा अशाच वाटेने हाती लागतात. आपण विद्यार्थ्यांना 'स्त्रीपुरुषतुलना' शिकवतो. ती आपल्यापर्यंत कशी आली, हे मात्र शिकवत नाही. शंकर गणेश दाते यांनी एकट्याच्या जिद्दीने सिद्ध केलेल्या 'मराठी ग्रंथसूची'चे 1800 ते 1937 आणि 1938 ते 1950 असे दोन भाग संदर्भविभागात असतात. एम. ए. होऊन बाहेर पडणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी त्यांतले एक तरी पान उलटलेले असते?

ही साधनचिकित्सा म्हणजे परकी आणि कोरडी तांत्रिक बाब, असे मानणाऱ्यांना आपल्याच परंपरेचे विस्मरण झाले आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे बजावले. पाठभेद, प्रक्षेप आणि प्रतिपरंपरा यांची जाणीव मराठीत किती जुनी आहे, याचे हे प्रमाण. वि. का. राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील विधाने अस्सल पत्रांशी ताडून पाहिली. त्यांच्याच प्रेरणेने 1910 साली याच शहरात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्णत्वास नेली. तिचे कोणतेही एक पान विद्यार्थ्यापुढे ठेवावे: वर स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेल्या पाठांची नोंद. आपण काय निवडले आणि काय बाजूला ठेवले, हे वाचकापासून न लपवण्याचा असा धडा अन्यत्र क्वचितच मिळेल. तरीही पुण्यात दोन वर्षे मराठीचा अभ्यास करून यांपैकी एकाही वास्तूची पायरी न चढलेले विद्यार्थी आपल्याला दरवर्षी भेटतात.

आज साधनांची वाण नाही, ही गोष्ट खरीच. 'शोधगंगा'वर देशभरातील प्रबंध पाहता येतात, मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो, जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा संगणकाच्या पडद्यावर उमटतात. परंतु विपुलतेने निवड सोपी होत नाही. उलट ती अधिक अवघड होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी साम्याची टक्केवारी ठरवून दिली. त्या नियमांचा हेतू योग्यच आहे. तथापि, साम्य मोजणारी आज्ञावली एवढेच सांगते की, वाक्ये इतरत्र आढळतात की नाही. वाक्य खरे आहे का, हे ती सांगत नाही. आरंभी उल्लेखिलेला तो काल्पनिक ग्रंथ या चाळणीतून निर्वेधपणे निसटला असता, कारण तो कोणाचीच नक्कल नव्हता.

म्हणून काही सूचना मांडते. प्रकल्पाच्या 100 गुणांपैकी निदान 30 गुण 'शोधनोंदी'साठी राखून ठेवावेत. संदर्भग्रंथ सहाच असावेत, पण त्या प्रत्येकाविषयी विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत चार गोष्टी लिहाव्यात: ग्रंथाची कोणती आवृत्ती पाहिली, ती कोणत्या ग्रंथालयात पाहिली, लेखकाला ही माहिती कशावरून मिळाली असावी आणि आपल्याला शंका कोठे आली. जे शोधले पण सापडले नाही, त्याचीही नोंद करावी आणि तिलाही गुण असावेत. ग्रंथपालांना परीक्षणात सहभागी करून घ्यावे. विद्यार्थी कपाटापाशी किती वेळ उभा होता, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते? पदवीच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक सत्रात जांभेकरांच्या जन्मदिनांकासारखा एकच छोटा प्रश्न द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने चार वर्षांच्या पदवी-अभ्यासक्रमात संशोधनाला स्थान दिले आहे. पूर्वतयारीविना ते स्थान भरायचे झाले, तर वर सांगितलेल्या सूचीसारख्या सूचींनीच ते भरले जाईल.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. वर्गात 80 विद्यार्थी असतात, निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पदच रिक्त असते आणि तालुक्याच्या ठिकाणी भांडारकर नसते. हे सर्व मान्य आहे. परंतु न वाचलेल्या 28 ग्रंथांची सूची तपासण्यापेक्षा सहा प्रामाणिक नोंदी वाचायला अधिक वेळ लागतो, असा माझा अनुभव नाही. लहान ग्रंथालयातही एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळतात. पाठ्यपुस्तकातला संपादित उतारा आणि मूळ ग्रंथ यांची तुलना तर कोठेही करता येते. खरी अडचण निराळीच आहे. 'हे कशावरून?' असे विचारायला शिकलेला विद्यार्थी हा प्रश्न एक दिवस आपल्यालाही विचारतो. एका कादंबरीचे प्रकाशनवर्ष मी कित्येक वर्षे चुकीचे सांगत होते. ते एका मार्गदर्शिकेतून घेतले होते आणि मूळ शीर्षकपृष्ठ कधी पाहिलेच नव्हते. एका विद्यार्थ्याने भर वर्गात पहिली आवृत्ती पुढे ठेवली, तेव्हा मी ओशाळले. पण माझ्या टिपणवहीतील ते वर्ष मी त्याच्यासमोरच खोडले.

त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प मी परत केला आणि नव्याने करण्यास तीन आठवडे दिले. दुसऱ्या खेपेस तिच्या सूचीत सात ग्रंथ होते. सातव्या ग्रंथापुढे तिने लिहिले होते: पहिल्या आवृत्तीची प्रत दोन ग्रंथालयांत मिळाली नाही, दुसरी आवृत्ती पाहिली, तिची प्रस्तावना नंतर जोडलेली दिसते. मला तिच्या पहिल्या 28 ग्रंथांपेक्षा ही एक नोंद मोलाची वाटते. आपल्या गुणपत्रिकेत मात्र अशा नोंदीसाठी अद्याप रकाना नाही.