शापावाचून विरह

'केमिस्ट्री' हा शब्द सिनेमाविषयक नियतकालिकांतून मराठीत आला आणि इथलाच होऊन राहिला. पडद्यावरच्या दोघांचे सूत जुळलेले दिसले की आपण तो वापरतो, आणि एकदा वापरला की पुढे काही सांगण्याची गरज उरली नाही असे मानतो. साहित्याच्या वर्गात त्याला अर्थातच मज्जाव आहे. तो मज्जाव उठवावा असे आम्हांस वाटू लागले ते एका अमेरिकी गुन्हेमालिकेमुळे. अधिक नेमके सांगायचे तर तिच्या प्रेक्षकांमुळे.

'लॉ अँड ऑर्डर: स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' ही मालिका 20 सप्टेंबर 1999 रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. (ती स्वतःच 1990 च्या 'लॉ अँड ऑर्डर'ची फांदी, अमेरिकी दूरचित्रवाणीत वडाच्या पारंब्या अशाच जमिनीला टेकतात.) न्यूयॉर्क पोलिसांच्या लैंगिक गुन्हे तपासणाऱ्या पथकातील ऑलिव्हिया बेन्सन आणि एलियट स्टेबलर हे दोन अधिकारी तिच्या केंद्रस्थानी होते. बेन्सनची भूमिका मारिस्का हार्गिटे यांची, स्टेबलरची ख्रिस्तोफर मेलोनी यांची. तो विवाहित, कॅथलिक, पाच मुलांचा बाप, ती एकटी. बारा पर्वांत दोघांनी प्रेमाचा शब्द उच्चारला नाही. 2011 मध्ये मेलोनी यांच्या कराराची बोलणी फिसकटली आणि स्टेबलर निरोपही न घेता कथेतून नाहीसा झाला. त्याने राजीनामा दिल्याचे बेन्सनला वरिष्ठाकडून कळते. दहा वर्षांनी, 1 एप्रिल 2021 रोजी, तो परतला, आणि त्याच संध्याकाळी त्याला नायक करून 'लॉ अँड ऑर्डर: ऑर्गनाइज्ड क्राइम' ही नवी मालिका सुरू झाली.

नव्या मालिकेत माफिया होते, बाँब होते, खलनायकही चांगला होता. प्रेक्षक बोलत राहिले ते मात्र एका हाकेबद्दल आणि त्या हाकेसरशी वळलेल्या मानेबद्दल. स्फोटाच्या जागी पोहोचलेल्या बेन्सनला दहा वर्षांनी तो आवाज ऐकू येतो, एवढाच तो प्रसंग. चाहत्यांनी तो कापून, मंद गतीने, पुन्हा पुन्हा पाहिला. तिचा श्वास कुठे अडकतो, त्याची नजर कुठे खाली जाते, ह्यावर पानेच्या पाने लिहिली. दोघांच्या नावांचा संधी करून 'बेन्सलर' हे जोडनाव तर त्यांनी केव्हाच पाडले होते. हे सारे पोरकट आहे असे म्हणणे सोपे आहे, आणि म्हटलेही गेले.

आमचे मत वेगळे आहे. शब्दांत न आलेला भाव शरीरावरील खुणांवरून ओळखणे ह्याला आपल्याकडे फार जुने नाव आहे. भरताने विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ह्यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती सांगितली. सात्त्विक भावांत स्तंभ आणि स्वरभंग मोजले, ते ह्याच कामासाठी. थबकलेले पाऊल आणि फुटलेला आवाज पटकथेच्या कागदावर सापडत नाहीत. ते नट आणतो, आणि पाहणारा वाचतो. बारा वर्षे संहिता 'हे केवळ सहकारी' असे सांगत होती आणि दोन देह काही निराळे सांगत होते. ज्यांनी देहांवर विश्वास ठेवला त्यांनी संहितेशी द्रोह केला असे आम्हांस वाटत नाही. नाटक वाचण्याची हीच रीत आहे.

गुन्हेकथेला मात्र शृंगाराचे वावडे आहे असा एक समज आहे, आणि तो निराधार नाही. एस. एस. व्हॅन डाइन ह्यांनी 1928 मध्ये रहस्यकथेचे वीस नियम घालून दिले. त्यांतला तिसराच नियम प्रेमप्रकरणाला बंदी करणारा. गुन्हेगाराला न्यायासनापुढे आणायचे असताना प्रेमिकांना बोहल्यावर कशाला आणायचे, असा त्यांचा रोख. पण त्यानंतर दोनच वर्षांनी डोरोथी सेयर्स ह्यांनी 'स्ट्राँग पॉयझन' लिहिली आणि लॉर्ड पीटर विम्झीला हॅरिएट वेनच्या प्रेमात पाडले. हॅरिएटवर खुनाचा खटला चालू असतो, विम्झी तिला फासापासून वाचवतो आणि लग्नाची मागणी घालतो, ती नाकारते. 1932 च्या 'हॅव हिज कारकास'मध्येही नाकारते. होकार येतो 1935 च्या 'गॉडी नाइट'च्या अखेरीस. एवढा विलंब का? कारण जिवाचे ऋण ज्याचे त्याच्याशी बरोबरीने संसार कसा करावा, हा हॅरिएटचा प्रश्न खरा आहे, आणि तो सुटेपर्यंत लेखिका तिला हलू देत नाही. विरहाचा हेतू बाहेरून लादलेला नाही. तो हॅरिएटच्या स्वभावात आहे.

हेतू हा शब्द आम्ही जाणून वापरला. मम्मटाने विप्रलंभ शृंगाराचे पाच प्रकार सांगितले आणि ते विरहाच्या कारणांवरूनच पाडले: अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. प्रेमिक एकत्र का नाहीत हे कथेने सांगितले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. यक्षाचा शाप एका वर्षाचा आहे, म्हणून मेघाला निरोप देण्यात अर्थ आहे. दुर्वासाच्या शापाला अंगठीचा उःशाप आहे.

आता 2021 नंतरचे बेन्सन-स्टेबलर पाहा. जुना अडसर दुहेरी होता: त्याचा विवाह आणि एकाच पथकातील नोकरी. दोन्ही अडसर खरे होते, आणि बारा पर्वांच्या मौनाला त्यांच्यामुळेच वजन होते. नव्या मालिकेने पहिल्याच संध्याकाळी दोन्ही दूर केले. स्टेबलरची पत्नी कॅथी मोटारीतल्या बाँबस्फोटात जखमी होऊन मरण पावली. तो दुसऱ्या पथकात गेला. त्याच पर्वात मुले आणि बेन्सन त्याला समजावायला जमली असता तो बेन्सनकडे पाहत प्रेमाची कबुली देतो आणि लगेच मुलांकडे वळून तीच कबुली सर्वांत वाटून टाकतो. जानेवारी 2023 मध्ये बेन्सनच्या स्वयंपाकघरात दोघे चुंबनाच्या उंबरठ्यापर्यंत येतात, आणि ती मागे सरते. मे 2023 मध्ये तो तिच्या गळ्यासाठी होकायंत्राचे पदक देतो. पुढच्या पर्वात ती ते एका बेपत्ता मुलीच्या आईला देते, आणि कालांतराने ते तिच्याकडे परत येते. म्हणजे अंगठी हिंडते आहे, राजा मात्र दिसत नाही.

कारण उघड आहे. ते दोघे आता दोन मालिकांचे नायक आहेत. त्यांना एकत्र आणायचे तर दर वेळी दोन लेखकवर्ग, दोन वेळापत्रके आणि दोन करार जुळवावे लागतात. 2025 मध्ये पाचव्या पर्वाला 'ऑर्गनाइज्ड क्राइम' पीकॉक ह्या सशुल्क सेवेवर गेली, म्हणजे एकाच वाहिनीचे छप्परही उरले नाही. विरहाचा हेतू कथेच्या बाहेर, कार्यालयात, जाऊन बसला. चाहत्यांच्या संतापाचे मूळ आम्हांस येथे दिसते. त्यांना लग्न हवे असते हे खरे, पण त्यांची तक्रार त्याहून खोल आहे: तुम्ही शाप काढून घेतला आणि विरह तसाच ठेवला. क्षेमेंद्राने ह्याला अनौचित्य म्हटले असते.

निर्मात्यांच्या बाजूने 'मूनलायटिंग'चे उदाहरण हमखास पुढे केले जाते. त्या मालिकेत 1987 मध्ये नायक-नायिका एकत्र आले आणि मालिका ढासळली, म्हणून जोडी जुळवू नये, असा हा धडा. हा युक्तिवाद आम्हांस कच्चा वाटतो. त्याच सुमारास सिबिल शेफर्ड गरोदर होत्या, ब्रूस विलिस 'डाय हार्ड'मध्ये गुंतले होते आणि 1988 मध्ये लेखकांचा संप झाला. नायक-नायिका पडद्यावर एकत्र दिसेनात ते ह्यामुळे. उलट 'बोन्स'मधील जोडी जुळल्यावरही ती मालिका 2017 पर्यंत वर्षानुवर्षे चालली.

ह्याहून वजनदार आक्षेप काही जुन्या प्रेक्षकांचाच आहे. एक स्त्री आणि एक पुरुष शय्येवाचून एकमेकांचे असू शकतात, हे दाखवणाऱ्या कथा आधीच थोड्या. त्यांतली एक तरी राहू द्या, असे ते म्हणतात. हा आक्षेप आम्ही सहज झटकून टाकू शकत नाही. मात्र असे सख्य दाखवायचे तर चुंबनाच्या उंबरठ्यावर आणून थांबवण्याची युक्ती तरी सोडली पाहिजे. सख्यही हवे आणि हुरहुरही विकायची, हे दोन्ही साधत नाही.

चाहत्यांशी आमचे भांडण एकाच ठिकाणी आहे, आणि ते कॅथीबद्दल. इसाबेल गिलीज ह्यांनी पहिल्या पर्वापासून उभी केलेली ही स्त्री कथेत फार काळ वाट अडवणारी म्हणूनच वाचली गेली. तिच्या मृत्यूवर हळहळ उमटली, तिच्यात सुटकेचा निःश्वासही मिसळलेला होता. लेखकांनी तर त्यापुढे मजल मारली. स्टेबलरने परतताना बेन्सनला दिलेले पत्र बरेचसे कॅथीनेच लिहवले होते असे पुढे उघड झाले. शेवटची ओळ तेवढी त्याची. मेलेल्या पत्नीला आधी अडसर करायचे आणि मग दूती! ज्या मालिकेचा विषयच स्त्रियांवरील हिंसा आहे, तिच्यात एका स्त्रीचा देह दुसरीच्या शृंगाराचे उद्दीपन म्हणून वापरला जावा, ह्याचा राग अनुभाव इतके बारकाईने वाचणाऱ्यांना अधिक यायला हवा होता. येथे करुण रस अंगी झालाच नाही. तो नेपथ्य बदलण्याच्या कामी आला.

दोघांना बोहल्यावर उभे करा असा आमचा हट्ट नाही. बेन्सनने आयुष्यभर इतरांच्या जखमा ऐकल्या आहेत. दहा वर्षे एका शब्दाविना नाहीशा झालेल्या माणसावर पुन्हा विसंबणे तिला जमत नसेल, तर तो हेतू हॅरिएट वेनच्या हेतूइतकाच भक्कम ठरेल. तो तिच्या तोंडी यावा, कॅथीचे नाव घेऊन यावा, आणि स्टेबलरने तो समोर उभे राहून ऐकावा. एवढ्यासाठी दोन वेळापत्रके एका दिवसापुरती जुळली तरी पुरेल.