चिंचेखालचा मऊ उजेड

वीकएण्ड आला की आमचा ऑफिसचा ग्रुप कॅमेरे उचलून कुठेतरी पळतो. गेल्या डिसेंबरात आहुप्याला गेलो होतो. आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकरच्या रांगेतलं हे गाव. आणि तिथली देवराई म्हणजे... बॉस, सॉलिड! मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली आणि वर पानांचं असं दाट छत, की सूर्य उगवला तरी आत पहाटच.

पहिल्या दिवशी मी माती खाल्ली. मिसळ हाणून साडेनऊला आरामात पोचलो. फोटोत काय, तर पानं पांढरीफटक आणि खोडं काळीकुट्ट! ऊन चढलं की जंगलात उजेडाचे ठिपके आणि सावली यांत एवढा फरक पडतो की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अंधारात हजर. सूर्य यायच्या आधी अख्खं आभाळच दिवा असतं, सावल्यांना कडा नसतात. आयएसओ शंभर, ॲपर्चर आठ, शटर चक्क दोन सेकंद. ट्रायपॉड मस्ट, आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून टायमर. पोलरायझर फिरवला की ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि खरा हिरवा दिसतो. मग धुक्यातून पहिली तिरीप आली. जेमतेम वीस मिनिटं. खेळ खल्लास!

ही झाडं टिकली, कारण ती देवाची. कुऱ्हाड लावायची नाही, हा गावाचा नियम. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात अशा देवरायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगापुढे मांडलं. म्हणजे बघा, तो मऊ उजेड नुसता सूर्याचा नाही. कित्येक पिढ्यांनी न तोडलेल्या फांद्यांतून तो गाळून येतो.

हे मला नीट उमगलं ते मात्र आमच्या नेकनूरला.

नेकनूर बीड जिल्ह्यातलं. बालाघाटचे डोंगर आहेत, पण जुनं जंगल? नाव नका काढू! आमच्याकडे देवराई मुद्दाम लावावी लागते. बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदेंच्या ‘सह्याद्री देवराई’ने ती लावली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलनही भरलं, आणि अध्यक्ष कोण, तर वडाचं झाड!

आमच्या घरचं जंगल म्हणजे शेताच्या बांधावरची एक चिंच. पणजोबांच्या वेळची. दोघांच्या कवेत खोड मावत नाही. दिवाळीत घरी गेलो, तर जेवताना दादा म्हणाला, "चिंच देऊन टाकायलो. लाकडाचा व्यापारी येऊन गेला."

"का रे?"

"सावलीखाली सोयाबीन येईना. तू पुण्यात ऱ्हातूस, तुला काय कळायचंय?"

बरोबरच होतं त्याचं. कर्ज तो फेडतो, मी फोटो काढतो. पुढे काय बोलणार?

पहाटे साडेपाचला ट्रायपॉड घेऊन निघालो. दादा मागून आलाच. "झाडाचा फोटू? ते काय पळून चाललंय का?" म्हणाला, आणि स्वतःच गप्प झाला.

शेतावर विरळ धुकं होतं. आहुप्याचीच सेटिंग लावली आणि थांबलो. सूर्य वर आला, आणि चिंचेच्या त्या बारीक पानांतून उजेड असा झिरपला, जसा वहिनी मैद्याच्या चाळणीतून पीठ चाळते. हिरव्या आकड्यांना सोनेरी कड. खाली आमच्या बैलाची रिकामी दावण.

दादाने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आण्णा हितंच दुपारी आंग टाकायचे."

आण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचा त्या झाडाखालचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

घरी येताना त्याने व्यापाऱ्याला फोन लावला. "आवंदाच्या चिंचा उतरू द्या, मग बघू."

म्हणजे फाल्गुनापर्यंत मुदत! पुढचं पुढे. तोवर सोयाबीनची तूट निम्मी मी भरतो, असं सांगून टाकलंय. एका लेन्सचे पैसे जातील, जाऊ देत.

दोस्तांनो, तुमच्याही गावात असं एखादं झाड असेलच. पुढच्या सुट्टीत पाचचा अलार्म लावा. आणि हो, त्याच्याखाली घरच्या माणसांना बसवून मगच क्लिक करा.