किती गोल केलेस?

शाळामास्तरकींत आयुष्य गेल्यामुळें प्रत्येक गोष्टीला गुण देण्याची खोड मला जडली आहे. आमची नात शाळेच्या फुटबॉल-संघांत बचावाच्या फळींत खेळते. सामना आटोपून ती घरीं आली, कीं मी ओसरीवरूनच विचारीत असें, "किती गोल केलेस?" "एकहि नाहीं, आजोबा," एवढें म्हणून ती आंत जाई. मागच्या महिन्यांत तिनें बूट माळ्यावर टाकले व यापुढें खेळणार नाहीं असें सांगितलें. "बरें झालें, अभ्यास तरी होईल," असें आमचे चिरंजीव म्हणाले.

त्या रात्रीं सूनबाईनें मला अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघांतील बचावपटू क्रिस्टी रॅम्पोन हिची हकीकत वाचून दाखविली. १९९७ ते २०१५ या काळांत ही बाई देशासाठीं ३११ सामने खेळली; तिच्या नांवावर गोल मात्र अवघे चार! माझ्या हातून ती नापासच झाली असती. परंतु १९९९ व २०१५ चे विश्वचषक आणि २००४, २००८ व २०१२ चीं ऑलिंपिक सुवर्णपदकें जिंकणाऱ्या संघांत ती होती. शेवटच्या दोन ऑलिंपिकांत तर कर्णधारच. दोन मुलींची आई झाल्यावरहि ती मैदानावर परतली. ५ जुलै २०१५ रोजीं व्हँकूव्हर येथें, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत ती मैदानांत उतरली, तेव्हां तिला चाळीस वर्षें पुरीं झालीं होतीं.

आघाडीच्या खेळाडूच्या दहा चुका एका गोलानें झांकल्या जातात. बचावपटूची एकच चूक साऱ्या सामन्याच्या दक्षतेवर पाणी फिरविते. २०१२ सालीं लंडनच्या अंतिम सामन्यांत, अमेरिका २-१ अशी पुढें असतां, जपानच्या माना इवाबुचीनें रॅम्पोनपासून चेंडू हिरावला. गोलरक्षक होप सोलोनें झेप घेऊन तो अडविला, म्हणून निभावलें.

उत्तरकालीन वैशेषिकांनीं 'अभाव' हा सातवा पदार्थ मानिला, हें मीं विद्यार्थिदशेंत पाठ केलें होतें. न झालेला गोल हीहि कमाईच, हें मात्र उतारवयांत नातीच्या बुटांनीं शिकविलें. वाचकहो, कोणाच्या दक्षतेमुळें आपल्या घरांत काय काय घडलें नाहीं, याचीहि कधीं विचारपूस करावी.

बूट मींच माळ्यावरून काढविले. आतां मी विचारतों, "आज किती अडविलेस?" पानें वाढून होतात, तरी तिचें उत्तर संपत नाहीं.