शिवसागरावर आधी वाट कोणाची?

सातारा जिल्ह्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये कोयनेच्या शिवसागर जलाशयावर जलपर्यटन प्रकल्प सुरू झाला. मात्र तापोळा-बामणोली परिसरातील गावांसाठी हे पाणी म्हणजे रस्ताच आहे. वेगवान बोटीच्या लाटांनी छोटी होडी हेलकावते. सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती प्रसंगोपात्त होतात. येथे खेळ आणि वाहतूक रोजच एका पाण्यावर आहेत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार यंत्रचालित नौकेने सर्वसाधारणपणे शिडाच्या नौकेला वाट द्यावी लागते. त्यामागील तत्त्व साधे आहे : ज्याला सहज वळता येते, त्याने आधी वळावे. म्हणूनच लाँचचे मार्ग तरत्या खुणांनी आखून तेथे जलक्रीडेला वेगमर्यादा घालणे पर्यटनाच्याही हिताचे ठरेल. पाहुण्याने यजमानाची वाट अडवू नये.