सांडपाण्यातील हायड्रोजन आणि संशोधनाचा पैसा

सांडपाणी म्हटले की आपण नाकाला रुमाल लावतो आणि पावले झपाझप उचलतो. घरातून गेलेले पाणी पुढे कुठे जाते, त्याचे काय होते, हा विचार सहसा कोणी करीत नाही. अलीकडे मात्र याच पाण्यातून हायड्रोजन नावाचे भविष्यातील इंधन मिळेल, त्यावर बसगाड्या धावतील, अशी आश्वासने वारंवार कानावर येऊ लागली आहेत. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीने संसदेत पोहोचले, तेव्हा त्या मोटारीची छायाचित्रे देशभर झळकली. शहरांच्या सांडपाण्यापासून हरित हायड्रोजन तयार करावा, हा विचार त्यांनी त्याआधीही जाहीरपणे मांडला होता.

आश्वासन देणे सोपे असते; ते तपासून पाहण्याचे काम कष्टाचे असते. जगात हे काम बहुतांशी पीएचडी करणारे तरुण विद्यार्थी करीत आहेत आणि त्यांच्या विद्यावेतनाचा खर्च कुठे सरकार, कुठे पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था उचलत आहेत. हा पैसा अखेर करदात्यांच्या आणि पाणीपट्टी भरणाऱ्यांच्याच खिशातून येतो. तेव्हा त्याचे फलित काय, हे समजून घेणे आपल्याला अगत्याचे वाटते.

टाईन नदीकाठचा प्रयोग

या बाबतीत इंग्लंडच्या ईशान्य भागातील न्यूकॅसल विद्यापीठाचे उदाहरण आम्हांला सर्वांत बोलके वाटते. त्या भागात पाणी पुरविण्याचे आणि सांडपाणी शुद्ध करण्याचे काम नॉर्थम्ब्रियन वॉटर ही कंपनी करते. विद्यापीठातील संशोधक एलिझाबेथ हाइडरिक यांनी आपल्या पीएचडीच्या अभ्यासात प्रथम एक साधा प्रश्न विचारला : एक लीटर सांडपाण्यात मुळात ऊर्जा किती असते?

प्रश्न साधा असला तरी त्याचे नेमके उत्तर हाती नव्हते. पूर्वी सांडपाणी भट्टीत वाळवून उरलेल्या चोथ्याचे मोजमाप होत असे. त्या उष्णतेत अनेक उडून जाणारे पदार्थ नष्ट होत आणि आकडा कमी येत असे. हाइडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांडपाणी गोठवून वाळविले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार घरगुती सांडपाण्यात लीटरमागे ७.६ किलोज्यूल, तर कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या सांडपाण्यात १६.८ किलोज्यूल ऊर्जा आढळली.

हे आकडे घरगुती हिशोबात मांडून पाहू. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लीटर हे प्रमाण धरतात आणि त्यातील सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे मानतात. पाच माणसांच्या कुटुंबाचे ५४० लीटर झाले. इंग्लंडमधील घरगुती आकडा लावला, तर त्यात विजेच्या एका युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा निघते. एका घरासाठी ही नगण्य गोष्ट वाटेल. पण लक्षावधी घरांच्या शहरासाठी ती नगण्य राहत नाही. शिवाय हे पाणी शुद्ध करण्यासाठी उलट आपणच वीज खर्च करतो. जीवाणूंना घाण खाता यावी म्हणून टाक्यांत सतत हवा सोडावी लागते आणि प्रक्रिया केंद्राच्या वीजबिलाचा सर्वांत मोठा वाटा त्यावरच जातो. ज्यात ऊर्जा आहे, तेच नष्ट करण्यासाठी आपण ऊर्जा जाळतो, असा हा विचित्र व्यवहार आहे.

जीवाणूंचे काम

यावर उपाय म्हणून न्यूकॅसलच्या संशोधकांनी जीवाणूंच्या साहाय्याने चालणाऱ्या विद्युत घटाचा मार्ग धरला. काही जीवाणू सेंद्रिय घाण खाताना इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात. ते इलेक्ट्रोडवर वसविले आणि बाहेरून थोडा विद्युतदाब दिला, तर दुसऱ्या टोकाला हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघू लागतात. शुद्ध पाण्याचे विद्युत अपघटन करण्यासाठी तत्त्वतः किमान १.२३ व्होल्ट दाब लागतो. येथे जीवाणूच बरेचसे काम करीत असल्याने त्याहून पुष्कळ कमी दाब पुरेसा ठरतो. २००५ च्या सुमारास अमेरिका आणि नेदरलँड्समधील प्रयोगशाळांनी हे दाखवून दिले होते. मात्र त्यांचे प्रयोग लहान भांड्यांत, उबदार तापमानात आणि निवडक द्रावणांवर झाले होते.

हाइडरिक यांनी १२० लीटरचा घट प्रत्यक्ष सांडपाणी प्रक्रिया केंद्रात नेऊन ठेवला. महागड्या प्लॅटिनमऐवजी पोलादी तारेची लोकर वापरली; आपण भांडी घासायला वापरतो त्याच जातीची म्हणा ना! त्यात शहराचे कच्चे सांडपाणी सोडले, तेही इंग्लंडच्या थंडीत, कोणतीही ऊब न देता.

२०१३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मुद्दाम बारकाईने वाचण्यासारखे आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळ घटातून जवळजवळ शुद्ध हायड्रोजन मिळाला. घाण काढण्यासाठी लागलेली ऊर्जा प्रचलित पद्धतीपेक्षा किंचित कमी होती. परंतु जितकी वीज घातली, तिच्या सुमारे ७० टक्केच ऊर्जा हायड्रोजनच्या रूपाने परत मिळाली आणि पाण्यातील घाण मर्यादित प्रमाणातच कमी झाली. पुढे हाच घट वर्षभर चालविला. पाण्याचे तापमान १ ते २२ अंशांपर्यंत खालीवर होत राहिले, तरी घट बंद पडला नाही. पण परत मिळालेली ऊर्जा सरासरी निम्म्याच्या आसपास उतरली.

हायड्रोजन किती मिळाला? घटाच्या दर लीटरमागे दिवसाला ०.०१५ लीटर. म्हणजे १२० लीटरच्या घटातून दिवसाकाठी दोन लीटरहून कमी वायू. एक किलो हायड्रोजन म्हणजे अकरा हजार लीटरहून अधिक वायू. या गतीने एक किलो जमवायला सतरा वर्षांच्या आसपास काळ लागेल आणि एवढ्या इंधनावर मोटार जेमतेम शंभर किलोमीटर धावेल!

मग हा पैसा वाया गेला का?

वरवर पाहणारा म्हणेल, पैसा पाण्यात गेला. आमचे मत तसे नाही. या संशोधनापूर्वी कच्च्या, पातळ, थंड सांडपाण्यावर हे तंत्र चालते की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते. आता ते चालते हे कळले, किती चालते हे कळले, आणि कुठे अडते हेही कळले. वायूची गळती होते, इतर जीवाणू हायड्रोजन खाऊन टाकतात, घाण पुरेशी निघत नाही. अपयश न लपविता ते आकड्यांत मांडले, म्हणून पुढच्यांना चुका टाळता आल्या. २०१७ साली त्याच विद्यापीठाच्या गटाने एक चौरस मीटर आकाराचे इलेक्ट्रोड असलेल्या मोठ्या घटावरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही जाहिरातीपेक्षा असा प्रामाणिक प्रबंध समाजाच्या अधिक उपयोगाचा असतो.

हायड्रोजन मिळविण्याचा हा एकच मार्ग नाही. सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या वायूत मिथेन मोठ्या प्रमाणात असतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराजवळ वुडमन पॉइंट येथील केंद्रातील असा वायू घेऊन, लोहखनिजाच्या साहाय्याने त्याचे हायड्रोजन आणि ग्रॅफाइट असे विभाजन करणारा प्रकल्प उभा राहिला. या तंत्राचा उगम वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातील संशोधनात आहे. तेथील शासकीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१९ साली त्याला ९४ लाख डॉलरांहून अधिक साहाय्य मंजूर केले आणि २०२४ च्या आरंभी तेथे पहिला हायड्रोजन निघाला. विद्यापीठातील कल्पना प्रत्यक्षात यायला किती वर्षे आणि किती धीर लागतो, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरा मार्ग म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे सरळ विद्युत अपघटन. त्यात एक किलो हायड्रोजनबरोबर आठ किलो प्राणवायू मिळतो. एरवी तो हवेत सोडून देतात. पण सांडपाणी केंद्राला टाक्यांसाठी प्राणवायूच तर हवा असतो. कल्पना सुरेख आहे. तथापि एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. ती वीज कोळशाची असेल, तर त्या हायड्रोजनला हरित कोण म्हणेल?

आधी स्वच्छता, मग इंधन

येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील पाणी कंपन्या गेली काही वर्षे नद्यांत आणि समुद्रात कच्चे सांडपाणी सोडल्यामुळे लोकांच्या रोषाला पात्र झाल्या आहेत. ऑफवॅट या नियामक संस्थेने कंपन्यांच्या नव्या प्रयोगांसाठी २०२० ते २०२५ या काळात २० कोटी पौंडांचा निधी ठेवला होता. त्याच संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये सांडपाण्याच्या कारभाराबद्दल तीन कंपन्यांवर एकूण १६.८ कोटी पौंडांचा दंड प्रस्तावित केला. त्यांत नॉर्थम्ब्रियन वॉटरही होती आणि मार्च २०२५ मध्ये तिच्याबाबत १.५७ कोटी पौंडांची तडजोड जाहीर झाली. म्हणजे ज्या कंपनीच्या आवारात हा उत्तम प्रयोग झाला, तिचीच गटारे पावसात तुंबून वाहत होती.

यातून संशोधन नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कंपनीचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. परंतु प्रयोगाची छायाचित्रे दाखवून रोजच्या कर्तव्याकडे झालेले दुर्लक्ष झाकता येणार नाही, हा धडा मात्र आपण घ्यायला हवा.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन निर्मितीचे लक्ष्य आहे. यातील १७,४९० कोटी रुपये उत्पादनाला आणि यंत्रनिर्मितीला प्रोत्साहन देण्यासाठी आहेत; संशोधन आणि विकासासाठी ४०० कोटी. म्हणजे शंभर रुपयांत जेमतेम दोन रुपये संशोधनाच्या वाट्याला आले.

दुसरीकडे सांडपाण्याचे चित्र पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लीटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्षात त्यातील २०,२३६ दशलक्ष लीटरवरच प्रक्रिया होत होती. उरलेले कुठे गेले, हे खाडीकाठी राहणाऱ्यांना आकड्यांवाचूनही कळते. जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, त्यातून हायड्रोजन कसा मिळणार? मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणी मिळून दररोज २,४६४ दशलक्ष लीटर क्षमतेची नवी केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. नागपूरने प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देऊन, हे पाणी विकले जाऊ शकते, हे आधीच सिद्ध केले आहे.

आमची सूचना साधी आहे. अशा नव्या केंद्रांत संशोधकांसाठी एक कोपरा राखून ठेवावा. न्यूकॅसलच्या प्रयोगाला १२० लीटरची टाकी पुरली. जवळच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला तेथे जागा, सांडपाण्याचा नळ, थोडी वीज आणि अभियंत्यांचे सहकार्य मिळाले, तर आपल्या उष्ण हवामानात हे तंत्र कसे वागते, हे आपल्यालाच मोजता येईल. आपले सांडपाणी इंग्लंडच्या थंडीत गारठत नाही. तेव्हा जीवाणू येथे अधिक तत्पर असण्याची शक्यता आहे. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. मोजल्यावाचून बोलू नये.

विद्यावेतनाचाही विचार व्हावा. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्तीत आरंभी दरमहा ७०,००० रुपये ठरविले गेले आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा दहा हजार छात्रवृत्त्यांची घोषणा झाली. आकडे समाधानकारक आहेत. पण ही रक्कम वेळेवर हाती पडत नाही, अशी संशोधकांची तक्रार अनेकदा ऐकू येते. पंचविशीतला मुलगा वा मुलगी महिनोन्‌महिने विद्यावेतनाची वाट पाहत असेल, तर घरचे म्हणणारच, “सोड ते आणि नोकरी धर.”

वाचकहो, यापुढे सांडपाण्यावर बस धावणार अशी घोषणा ऐकाल, तेव्हा घोषणा करणाऱ्याला तीन प्रश्न अवश्य विचारा. किती सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचते? घातलेल्या विजेच्या मानाने किती ऊर्जा परत मिळते? आणि हे आकडे कोणी मोजले, ते सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध झाले आहेत का? आपली मुले विज्ञानाच्या वाटेने जात असतील, तर त्यांनाही सांगा की सांडपाण्याच्या टाकीशेजारी उभे राहून केलेले संशोधन कमी प्रतीचे नसते. खाडीचे पाणी पुन्हा निर्मळ व्हावे, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. हायड्रोजन मिळाला तर उत्तमच. पण निदान पाणी तरी स्वच्छ व्हायलाच हवे.