'पाऊस कसा आहे काका?' हा प्रश्न वायफळ नाही



परवा टपरीवर चहा घेताना वाद झाला. विषय होता रोज संध्याकाळी टीव्हीवर लागणारा शेतीचा फोनचा कार्यक्रम. निवेदिका ताई फोन घेतात, शेजारी एक तज्ज्ञ बसलेले असतात, आपण प्रश्न विचारायचा. आमच्या गावात निम्म्या घरांत तो लागतोच. एकाचं म्हणणं पडलं, "ती बाई फार गप्पा मारते. गाव कोणतं, पाऊस कसा, पेरणी कधी केली, बैल आहेत का ट्रॅक्टर. अरे, माणसाला औषधाचं नाव सांग ना पटकन! अर्ध्या तासात चार फोन होतात कसेबसे." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी नाही डोलावली. कारण गेल्या खरिपात मला त्याच्या उलट अनुभव आलाय, आणि तो पैसे मोजून आलाय.

सोयाबीन 25 दिवसांचं होतं. आठ दिवस झड लागलेली. ऊन असं नाहीच. खालच्या तीन एकरांत प्लॉट पिवळा दिसायला लागला. मनात भीती एकच, मोझॅक. 2023 च्या खरिपात विदर्भात पिवळ्या मोझॅकनं सोयाबीनचं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून पिवळं दिसलं की पोटात गोळा येतो. मी एका वाहिनीच्या कार्यक्रमाला फोन लावला (नाव घेत नाही, त्यात काही अर्थ नाही). पाऊण तास लावत होतो, तेव्हा लागला. त्या दिवशी नेहमीच्या ताई नव्हत्या, दुसरे एक निवेदक होते. पहिलं वाक्य, "टीव्हीचा आवाज कमी करा." दुसरं वाक्य, "थोडक्यात सांगा, वेळ कमी आहे."

मी थोडक्यात सांगितलं. "सोयाबीनची पानं पिवळी पडलीत."

तज्ज्ञांनीही थोडक्यातच सांगितलं. पांढरी माशी असेल, अमुक कीटकनाशक फवारा. फोन बंद. एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

मी दुसऱ्या दिवशी औषध आणलं. एकरी सातशेच्या आसपास औषध, वर फवारणीची मजुरी. तीन एकर फवारले. चार दिवस काहीच फरक नाही. मग पाऊस उघडला, ऊन पडलं, जमिनीला वाफसा आला, कोळपणी केली आणि आठवड्यात प्लॉट हिरवा झाला. मी म्हणालो, औषध लागलं. पण बांधाला लागून चुलत्याचं रान आहे. त्यांचंही तसंच पिवळं झालं होतं आणि त्यांनी एक थेंब फवारला नव्हता. तेही माझ्याबरोबरच हिरवं झालं.

मग कृषी सहायकांना रानात आणून दाखवलं. एका खोलगट कोपऱ्यात अजून थोडी पिवळी झाडं होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वरची पानं पिवळी झाली होती का खालची?" वरची, कोवळी. "शिरा हिरव्या होत्या का?" होत्या. म्हणाले, हे लोहाचं. आपली जमीन चुनखडीची, त्यात पाणी साचलं. लोह जमिनीत असतं, पण अशा वेळी मुळांना ते उचलता येत नाही. झाडाच्या आत लोह जुन्या पानांतून नव्या पानांत सरकत नाही, म्हणून शेंडा आधी पिवळा पडतो. नत्राचं उलट. ते सरकतं, म्हणून नत्र कमी पडलं की खालची जुनी पानं आधी पिवळी होतात. मोझॅक असता तर पानावर पिवळे-हिरवे ठिपके, चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसले असते आणि सुरुवातीला सगळा प्लॉट नाही, इथं एक झाड तिथं एक झाड असं दिसलं असतं. तशी झाडं उपटून बाहेर न्यायची असतात. खोडमाशी असती तर खोड उभं चिरल्यावर आत लालसर भुयार दिसलं असतं. चक्रभुंगा असता तर देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा आणि त्याच्या वरचा भाग सुकलेला.

म्हणजे बघा. "पानं पिवळी पडलीत" या एका वाक्याच्या पोटात पाच कारणं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. माझ्या रानाला गरज होती ती चर काढून पाणी बाहेर घालवायची. फारच लागलं असतं तर 0.5 टक्के फेरस सल्फेट, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. मी फवारलं कीटकनाशक. पैसे गेले ते गेलेच, पण त्या वयात पिकावर ढालकिडे फिरत असतात, ते आपले राखणदार. तेही मी मारले.

आता सांगा, त्या निवेदकानं नुसतं "पाऊस कसा आहे काका?" एवढं विचारलं असतं तर? मी लगेच म्हणालो असतो, अहो आठ दिवस झड आहे, वावरात पाणी साचलंय. शेजारी बसलेल्या तज्ज्ञांचा कान तिथंच टवकारला असता. ते काही अडाणी नव्हते. त्यांच्यापर्यंत माझं रान पोचलंच नाही.

म्हणून मी म्हणतो, ताईंच्या गप्पा म्हणजेच तपासणी आहे. डॉक्टर नाडी धरून "जेवण काय केलं होतं" विचारतो, तसंच. शेतकऱ्याला आपल्या रानातली कोणती गोष्ट महत्त्वाची ते फोनवर सुचत नाही. टीव्हीवर आवाज जाणार म्हटल्यावर तर घसा कोरडा पडतो. गाव विचारलं की जमीन कळते, पेरणीची तारीख विचारली की पिकाचं वय कळतं, ट्रॅक्टर विचारला की पेरणी किती खोल झाली त्याचा अंदाज येतो. ताई हे जाणून विचारतात का सवयीनं, मला माहीत नाही. पण काम होतं. एकदा तर त्यांनी एका दादांना सांगितलं, "फोन चालू ठेवा, पान उलटं करून बघा आणि सांगा." ते दादा चालत वावरात गेले. टीव्हीवर दोन मिनिटं नुसता चिखलात पाय पडल्याचा आवाज. माझ्या दृष्टीनं त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर त्या फोनला मिळालं.

दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं तेव्हा 'गप्पागोष्टी'मध्ये राजा मयेकर आणि मंडळी गावच्या बोलीत बोलायची. आमच्या घरी म्हातारी माणसं औषधाचं नाव ऐकायला नाही, ते बोलणं ऐकायला बसायची आणि त्यातून शेतीचं चार गोष्टी डोक्यात राहायच्या. गप्पा आणि माहिती वेगळी असते हे आपण अलीकडे शिकलो.

आणखी एक फरक आहे, तो टपरीवर कुणाच्या लक्षात येत नव्हता. किसान कॉल सेंटरला (1800-180-1551) फोन केला आणि उत्तर चुकलं, तर नुकसान माझ्या एकट्याचं. टीव्हीवर उत्तर चुकलं तर ते सगळा जिल्हा ऐकतो. माझ्या फोननंतर दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रात मी गेलो तेव्हा माझ्या आधी दोघं "कालचं टीव्हीवालं" औषध घेऊन गेले होते. त्यांचं पिवळं कशानं होतं, देव जाणे. प्रश्न माझा, बाटल्या त्यांनी घेतल्या.

त्यामुळे अर्ध्या तासात बारा फोन घेण्यापेक्षा चार घ्या, पण नीट घ्या. आणि कार्यक्रम करणाऱ्यांना एक विनंती. पंधरा दिवसांनी त्याच शेतकऱ्याला तुम्ही उलटा फोन करा. "काका, फवारलं का? काय झालं?" आजपर्यंत एकाही कार्यक्रमात मी हे पाहिलं नाही. सल्ला दिला आणि विषय संपला. माझं औषध वाया गेलं हे त्या तज्ज्ञांना आजही ठाऊक नसेल, मग पुढच्या पिवळ्या सोयाबीनला ते पुन्हा तेच सांगणार. यात त्यांचा दोष कमी, कळवायची सोयच नाही.

आपलीही चूक आहे, ती कबूल करतो. मी रानात न जाता ओट्यावर बसून फोन लावला होता. आता लावायचाच झाला तर झाड उपटून हातात धरून लावतो. मूळ, खोड चिरलेलं, वरचं एक पान, खालचं एक पान. पेरणीची तारीख आणि आधी काय फवारलं ते कागदावर. निवेदक "थोडक्यात" म्हणाले तरी आपण पाऊस सांगूनच थांबायचं.

यंदाचं सोयाबीन आज 28 दिवसांचं आहे. खालच्या कोपऱ्यात पुन्हा थोडा पिवळेपणा दिसतोय, शेंड्याकडून. पाणी तुंबलंय, आज चर काढायला दोन माणसं लावलीत. फवारणी काही केलेली नाही. चार दिवसांनी ऊन पडलं की फोटो टाकतो.